उंची कुठून धरायची

“मेष्ट्रे, तो खाली का पडत नाही?”

कांचनबाईंच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे शब्द चेपून बाहेर आले. मी खुंटीकडे पाहिलं. तिथे माझ्या बायकोचा, इंदिरेचा, अस्तर लावलेला ब्लाऊज हँगरवर लटकत होता आणि तो पडेलसं काही दिसत नव्हतं. मी तसं म्हणालो. कांचनबाईंनी एकेक टाचणी काढून उशीत खोचली.

“तो नव्हे. चैत्राचा. उपग्रह.”

मी ब्लाऊज घ्यायला आलो होतो. बायकांच्या टेलरच्या दुकानात मला नेहमीच अवघडल्यासारखं होतं. कुठे बघावं कळत नाही, म्हणून मी एखादं पुस्तक घेऊन येतो आणि स्टुलावर बसून वाचतो. त्या दिवशीही पुस्तक उघडलेलं होतं. प्रश्न ऐकून मी ते मिटलं आणि बोटाने खूण धरून ठेवली, म्हणजे उत्तर लवकर संपलं तर परत उघडता येईल.

कांचनबाईंचं दुकान आमच्या रस्त्याच्या टोकाला एका गॅरेजमध्ये आहे. मागच्या दोन खोल्यांत त्यांचं घर. सरस्वतीपुरमच्या निम्म्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ आहेत. नवरा विश्वेश हेब्बाळच्या एका कारखान्याची बस चालवतो आणि बहुतेक वेळ शिफ्टवर असतो. एकच मुलगी, चैत्रा. ती इंजिनियर होऊन गेल्या वर्षी हासनला लागली. उपग्रहांवर जिथून नजर ठेवतात त्या ऑफिसात. पेढे द्यायला कांचनबाई स्वतः आमच्याकडे आल्या होत्या. काम काय करते ती, असं इंदिरेने विचारल्यावर त्यांनी “कंप्यूटरचं” एवढंच सांगितलं आणि बाहीच्या मापाकडे विषय वळवला होता.

आता तो विषय त्यांनीच परत काढला. चैत्रा रोज संध्याकाळी फोन करते, त्या सांगू लागल्या. कॉलेजात होती तेव्हा आली की पाठीमागे उभी राहून बडबडायची. कोणी काय म्हटलं, कोणाचं काय झालं, मशीनच्या आवाजावरून ओरडून सांगायची. आता फोनवर पहिलं वाक्य “ऊट आयता, अम्मा?” आणि जेवण झालं म्हटलं की बोलणंही झालं. दिवसभर ती जे करते त्याबद्दल बोलायला आईजवळ शब्दच नाहीत. परवा कांचनबाईंनी धीर करून विचारलं होतं, तुझा तो उपग्रह किती उंचावर असतो ग? चैत्रा म्हणाली, खूप, अम्मा. ते सोड, तुला गोत्तागत नाही, नाही कळायचं ते.

“रागाने नाही म्हणाली, मेष्ट्रे,” कांचनबाई म्हणाल्या. “प्रेमाने म्हणाली. तेच लागलं.”

मी म्हटलं, फोनमध्ये विचारलं तर आकडा लगेच सांगेल. माझा बहुतेक प्रश्नांवर हाच उपाय असतो, दुसऱ्या कोणाकडे तरी पाठवून देणं. त्यांनी मान हलवली.

“फोनने सांगितलेलं फोनवर तिला सांगू? तिला नाही का कळणार? मला करून बघायचंय. दुसऱ्याचं कटिंग घेऊन मी कधी शिवलं नाही.”

मी एका कॉलेजात आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, म्हणून मी मेष्ट्रे, मास्तर. शिकवलं म्हणतो, पण खरं तर नोट्स सांगितल्या. मुलं लिहून घेत, मी फळ्याकडे तोंड करून बोलत असे, आणि घंटा झाली की दोन्ही पक्षांना बरं वाटे. माझ्यामुळे एखाद्याला काही उमगलं असेल का, हा विचार निवृत्तीनंतर मला फार येतो आणि त्याचं उत्तर द्यायला कोणी भेटत नाही. त्यामुळे कांचनबाईंना मी म्हणालो, बघू. म्हणजे नाही असंच म्हणायचं होतं. त्यांनी मात्र दुपारी दीड ते तीन दुकानात गिऱ्हाईक नसतं असं सांगून कटिंगच्या टेबलावरचं कापड गोळा केलं.

घरी इंदिरेला सांगितलं. ती घेवडा मोडत बसली होती.

“लग्न झाल्यापासून मला कधी सांगितलं नाहीत तो का पडत नाही ते,” ती म्हणाली.

“तू विचारलं नाहीस.”

“विचारलं असतं तर हातात पुस्तक दिलं असतंत.” मग थोडं थांबून म्हणाली, “जा हो. ती उगाच कोणाला काही मागणारी बाई नाही.”

खरी अडचण पहिल्याच दुपारी कळली, आणि ती गणिताची नव्हती. मी इंग्रजीत सुरुवात केली. कांचनबाईंचं शिक्षण दहावीपर्यंत, कन्नड माध्यमातलं; त्यांनी दोन वाक्यं ऐकली आणि हात वर केला. मग मी कन्नडवर गेलो. माझी कन्नड बाजारापुरती आणि बँकेपुरती चांगली आहे, पण तिच्यात गुरुत्वाकर्षण आलं की मी शाळकरी मुलासारखा अडखळतो.

“आपल्यात सांगा ना,” त्या म्हणाल्या.

आपल्यात. आमची दोन्ही घराणी कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेली. त्यांची मराठी त्यांच्या गल्लीची, माझी माझ्या आजोळची, आणि दोन्ही घरच्याच. त्या भाषेत मी मीठ मागितलं आहे, आईशी बोललो आहे, रागावलोही आहे. पुण्याहून येणारी पुस्तकं वाचतो ते वेगळं. पण त्या भाषेत मी कधी एका माणसाला समोर बसवून भौतिकशास्त्र सांगितलं नव्हतं. शब्द पुस्तकातून माहीत होते, जिभेवर कधी आले नव्हते. त्रिज्या म्हणताना मला कोणाची तरी टोपी घातल्यासारखं वाटलं.

मी एक रिकामी बॉबिन घेतली, तिला दोरा बांधला आणि गरगर फिरवली. ती दुसऱ्याच फेरीत दुकानातल्या पुतळ्याच्या कानशिलावर आपटली. कांचनबाई हसू दाबत पुतळ्याला बाजूला करून आल्या. “आता फिरवा. आता कोणी नाही.”

फिरवली. म्हटलं, बघा, बॉबिनला सरळ पळायचंय. दोरा तिला आत ओढतोय. दोन्ही मिळून ती गोल फिरते. दोरा सुटला तर पळून जाईल, पळणं थांबलं तर हातात येऊन पडेल. उपग्रह पडतच असतो, पण पडता पडता पुढेही जात असतो, म्हणून जमिनीवर कधी येत नाही.

“आणि त्याचा दोरा कुठाय?”

“पृथ्वीची ओढ. तोच दोरा.”

त्यांनी बॉबिन माझ्या हातातून घेतली आणि स्वतः फिरवून पाहिली. मग दोरा लांब सोडून पाहिली. मी सांगितलं की लांब गेलं की ओढ कमी होते. दुप्पट लांब, तर ओढ पाव. तिप्पट लांब, तर नववा भाग. हे मी वर्गात शेकडो वेळा सांगितलं असेन. पण वर्गात कोणी बॉबिन थांबवून माझ्याकडे बघितलं नव्हतं.

“कमी होते म्हणता. पण संपत नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो. “कितीही लांब गेलं तरी संपत नाही.”

“मग ठीक,” असं म्हणून त्यांनी दोरा गुंडाळून ठेवला. त्या दिवशी आम्ही पुढे काही केलं नाही. एक बाई पडद्यांचं कापड घेऊन आल्या.

मी रोज दुपारी जाऊ लागलो. इंदिरा जेवण लवकर वाढायची आणि मी टेबलावरून उठेपर्यंत काही ना काही बोलायची. तुमचे उपग्रह फिरू द्या, पण माझ्या निळ्या ब्लाऊजचे हुक कधी लागणार ते विचारा, असा निरोप तिने दोनदा दिला. मी तो पोचवायचं विसरलो, तेव्हा तिने स्वतः फोन केला आणि कांचनबाईंनी तिला फोनवर पंधरा मिनिटं ओढ कशी कमी होते ते समजावून सांगितलं. हुकांचं राहिलंच.

चैत्रा ज्यांच्यावर नजर ठेवते ते उपग्रह आपल्याला आकाशात एकाच जागी उभे असल्यासारखे असतात. पृथ्वी एका दिवसात स्वतःभोवती फिरते, तेही तेवढ्याच वेळात एक फेरी करतात, म्हणून. जवळचा उपग्रह भराभर फिरतो, लांबचा सावकाश. बरोबर एका दिवसात एक फेरी व्हायची तर एकच अंतर चालतं. ते सांगताना मला चांगला शब्द सुचेना. कांचनबाईंनीच सुचवला.

“म्हणजे एकच माप बसतं.”

“अगदी. एकच माप बसतं.”

मग आम्ही ते माप काढायला बसलो. टेबलावर काळं मेणकापड अंथरलं आणि मी त्यांच्या खडूने लिहिलं. मध्ये पृथ्वी, बाहेर वर्तुळ, मध्यापासून वर्तुळापर्यंत रेघ, आणि रेघेवर इंग्रजी आर. इथे जमिनीवर वस्तू किती जोराने खाली ओढली जाते ते आपल्याला ठाऊक आहे. पृथ्वी केवढी ते ठाऊक आहे. तिथली ओढ इथल्यापेक्षा किती कमी हे अंतरावरून ठरणार. आणि त्या अंतरावर एका दिवसात फेरी मारायला जेवढी ओढ लागते, बरोबर तेवढीच तिथे असली पाहिजे. कमी नाही, जास्त नाही. हे दोन्ही एकमेकांसमोर मांडलं आणि उलटसुलट केलं की एका बाजूला अंतराचा घन राहतो आणि दुसऱ्या बाजूला नुसते आकडे.

त्यांनी मला घाई करू दिली नाही. प्रत्येक ओळीला, हे इकडून तिकडे का गेलं, असं विचारलं. कधी मला पटकन सांगता आलं, कधी आलं नाही. एकदा मी म्हणालो की हे असंच असतं, पाठ करायचं. त्यांनी खडू खाली ठेवला आणि एका ब्लाऊजचे टाके उसवायला घेतले. मला माझीच लाज वाटली. घरी जाऊन मी ती ओळ नीट विचार करून काढली आणि दुसऱ्या दिवशी सांगितली.

गुणाकार फोनच्या कॅल्क्युलेटरवर केले. शेवटी अंतर हजार किलोमीटरच्या मापात धरलं तर त्याचा घन पंचाहत्तर हजार नऊशे आला. आता घनमूळ. मी म्हणालो, हे जरा अवघड आहे, मी घरून काढून आणतो.

“कशाला?” त्या म्हणाल्या. “ट्रायल घेऊ.”

आणि त्यांनी खरंच ट्रायल घेतली. चाळीसला चाळीसने गुणलं, परत चाळीसने गुणलं. चौसष्ट हजार. घट्ट होतंय, म्हणाल्या. पंचेचाळीस घेतलं, तर नव्वद हजारांच्या वर गेलं. अय्यो, हे तर पोत्यासारखं. मग बेचाळीस. स्वल्प घट्ट. त्रेचाळीस. ढिलं. मग त्या दोघांच्या मध्ये, दशांशाने दशांश, जसा ब्लाऊज अंगावर घालून काखेत एकेक टाका घेतात तशा त्या पुढे सरकत गेल्या. बेचाळीस पूर्णांक तीनपाशी थांबल्या.

“बसला,” म्हणाल्या.

मला काय झालं ते मी नीट सांगू शकणार नाही. बहुधा आनंद झाला. मी उभा राहिलो आणि स्टूल पडलं. बेचाळीस हजार तीनशे किलोमीटर. त्या आकड्याकडे कांचनबाई नव्या कापडाकडे बघावं तशा बघत होत्या.

“म्हणजे उंची बेचाळीस हजार तीनशे, हौदा? हो ना?”

“हो,” मी म्हणालो. “उंची तीच.”

येत्या रविवारी चैत्रा येणार होती. मीही जेवायला यायचं असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. इंदिरेलाही बोलावलं, पण तिचं त्या दिवशी बहिणीकडे जायचं ठरलं होतं. जेवायला बसताना त्या मुलीला सांगणार होत्या. तोवर फोनवर एक अक्षर काढायचं नाही, असा त्यांनी निश्चय केला होता आणि तो पाळलाही. संध्याकाळी फोन वाजला की ऊट आयता, आयतु, आणि एवढंच.

रविवारी सकाळी मी दाढी करत होतो. गालावर साबण, हातात वस्तरा, आणि मनात उगाचच ते वर्तुळ. मध्यापासून रेघ. मध्यापासून. वस्तरा तसाच राहिला.

उंची मध्यापासून नसते. उंची जमिनीपासून असते. आम्ही काढलं होतं ते पृथ्वीच्या मध्यापासूनचं अंतर. उंची म्हणायची तर त्यातून पृथ्वीची स्वतःची त्रिज्या वजा करायला हवी. ही चूक करू नका म्हणून मी दर वर्षी मुलांना बजावत असे. माझ्या नोट्समध्ये त्या वाक्याखाली दोन रेघा असत. पण त्या नोट्स इंग्रजीत होत्या. तिथे त्या अंतराला एक शब्द होता आणि उंचीला दुसरा, ते कधी एकमेकांच्या जागी येत नसत. इथे कांचनबाईंनी टेलरच्या तोंडातला शब्द वापरला. टेलरला प्रत्येक उभं माप म्हणजे उंची. ब्लाऊजची उंची, बाहीची उंची, परकराची उंची. आणि मी, घरच्या भाषेत कोणी तरी आपलं बोलणं समजून घेतंय या खुशीत, हो म्हणून गेलो होतो.

इंदिरेने विचारलं, काय झालं. मी सांगितलं.

“मग जा लवकर आणि सांगा.”

“काय सांगू?”

“जे मला सांगितलंत ते. अर्धी दाढी पुसा आधी.”

मी दहा वाजताच गेलो. पण चैत्रा पहाटेच्या बसने आली होती आणि दुकानाच्या पायरीवर बसून केस वाळवत होती. उंच, आईसारख्याच भुवया. मला बघून ती उठली, सर म्हणाली, आल्यापासून अम्मा तुमच्याबद्दलच बोलतेय म्हणाली. काय बोलतेय ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आत स्वयंपाकघरात कांचनबाई एका वेळी तीन भांड्यांशी होत्या. त्यांचा चेहरा उजळलेला होता. मी दारात उभं राहून हाताने वजाबाकीची खूण केली. त्यांनी मला पाणी आणून दिलं. मी म्हणालो, ते गणित. त्या ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, आत्ता बेडा, आत्ता नको, मेष्ट्रे, जेवताना. मी म्हणालो, पण ऐका तर. तेवढ्यात चैत्रा टॉवेल घेऊन आत आली.

शेजारच्या खोलीत जमिनीवर केळीची पानं मांडली होती. माझं मधलं. कांचनबाईंनी पानावर पाणी शिंपडलं, मीठ वाढलं, लोणचं वाढलं, कोसंबरी वाढली. विश्वेश ड्युटीवर होता, त्याचं ताट झाकून ठेवलं होतं. चैत्रा माझ्या शेजारी मांडी घालून बसली. आता भात, मग सारू, म्हणजे सार. कांचनबाई भाताचं पातेलं घेऊन आल्या, ते खाली ठेवलं आणि डाव हातातच ठेवून म्हणाल्या,

“चैत्रा, तुझा उपग्रह बेचाळीस हजार तीनशे किलोमीटर उंचावर असतो. मी गणित करून काढलं.”

चैत्राने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य होतं, मग काही तरी विचार आला आणि ती सावकाश, जपून बोलली. “छत्तीस हजार, अम्मा. सुमारे छत्तीस.” मग घाईने, “पण तू किती जवळ आलीस. सुम्मने, नुसतं सांगितलं असतंस तर मी–”

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. “कांचनबाईंचं गणित बरोबर आहे. मी शेवटी–”

“थांबा, मेष्ट्रे.”

त्यांनी डाव पातेल्यावर आडवा ठेवला. त्या रागावल्या नव्हत्या. दोन भुवयांच्या मध्ये एक आठी होती; शिवलेलं कापड अंगावर कुठे तरी ओढतंय आणि कुठे ते अजून सापडत नाही, तेव्हा त्यांच्या कपाळावर येते तशी. त्या उठून दुकानात गेल्या. चैत्रा त्यांच्या मागे गेली. माझ्या पानावरून दार सरळ समोर येत होतं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. मेणकापडावर माझ्या खडूची वर्तुळं अजून होती, थोडी पुसलेली.

कांचनबाईंनी बाहेरच्या वर्तुळापासून रेघ डोळ्यांनी आत धरत आणली. मग त्यांनी मधल्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

“हे काय ग?”

“पृथ्वीचा मध्य.”

“माणसं मध्यात राहतात?”

“नाही, अम्मा.”

“मग मी टेप इथे का लावली?” आणि त्या एकदम हसल्या. मोठ्याने नाही; नाकातून हवा सुटल्यासारख्या. “बघ, बघ. अंब्रेला घागरा आहे हा. कापड चौघडी करायचं. हा कोपरा म्हणजे मध्य. कोपऱ्यापासून आधी कमरेचं वर्तुळ. आणि उंची त्या कमरेपासून खाली. कोपऱ्यापासून धरली तर? घागरा आखूड. लग्नाच्या आधी मावशीकडे शिकत होते ना, तेव्हा एका मुलीचा असाच घोट्यावर चढवला होता मी. मावशीने तोच घागरा मला नेसवून अख्ख्या गल्लीत फिरवलं होतं.”

“तुला?”

“मग कोणाला? तेव्हापासून उंची म्हटलं की आधी विचारते, कुठून धरायची. आणि इथे विचारलं नाही. कमर सोडलीच नाही मी. पृथ्वीची कमर किती ग?”

“कमर नाही, त्रिज्या. सहा हजार चारशे.”

“तीच. कोपऱ्यापासून कमरेपर्यंत.” त्यांनी खडूने वजाबाकी केली, हातचा घेऊन. “पस्तीस हजार नऊशे.”

“बरोबर,” चैत्रा म्हणाली. आणि मग वेगळ्या आवाजात, “अम्मा, घनमूळ कसं काढलंस?”

“ट्रायल घेतली.”

चैत्राने मेणकापड आपल्याकडे ओढलं आणि वरपासून एकेक ओळ वाचायला लागली. ज्या ओळीवर कांचनबाईंनी टाके उसवायला घेतले होते तिथे ती थांबली आणि तिने विचारलं, हे असं का केलंय माहितेय तुला? कांचनबाईंनी सांगितलं. मी त्यांना सांगितलं होतं तसं नाही, त्यांनी स्वतःच्या पद्धतीने सांगितलं, आणि खरं म्हणजे माझ्यापेक्षा सैल होतं, एक-दोन ठिकाणी थोडं चुकीचंही. चैत्राने ते दुरुस्त केलं. कांचनबाईंनी वाद घातला. चैत्राने परत सांगितलं. मी जागेवरून काही तरी बोलणार होतो, पण ते दोघींच्या मध्ये पडण्यासारखं झालं असतं.

मग चैत्राने खडू उचलला.

“पण तो तिथे गप्प उभा राहत नाही, अम्मा. लोकांना तसं वाटतं. तो सरकतो. चंद्र ओढतो, सूर्य ओढतो. सारखा थोडा थोडा जागेवरून हलतो.”

“मग?”

“मग आम्ही त्याला परत जागेवर आणतो. त्याच्या अंगावर लहान लहान इंजिनं असतात, ती जरा वेळ चालवायची. स्वल्प ढकलायचं. तेच माझं काम.”

“किती स्वल्प?”

चैत्रा सांगू लागली. अर्ध्या वाक्यातून ती कन्नडमध्ये गेली, मग परत आली, मग इंग्रजी शब्द आले आणि प्रत्येकापाशी कांचनबाईंनी तिला अडवलं. जास्त ढकललं तर काय होतं? इंधन संपलं तर? रात्री कोण बघतं? तुला भीती नाही वाटत? वाटते, चैत्रा म्हणाली. पहिल्यांदा मी बटण दाबायच्या आधी सगळे आकडे चारदा तपासले. हे तू मला सांगितलं नाहीस, कांचनबाई म्हणाल्या. कसं सांगणार होते, चैत्रा म्हणाली. आणि ती टेबलावर चढून बसली, पाय लोंबकळत ठेवून, जशी कदाचित पूर्वी बसत असेल. कांचनबाई उभ्याच होत्या. पदराला खडू लागला होता.

पातेल्यातल्या भाताची वाफ केव्हाच विरली होती. स्वयंपाकघरात सारू चुलीवरून उतरवलेलं होतं की नाही कोण जाणे, पण करपल्याचा वास येत नव्हता. एकदा खाकरावं असं माझ्या मनात आलं. मी खाकरलो नाही. बोटाने थोडं मीठ घेऊन कोसंबरीतली काकडीची एक फोड तोंडात टाकली, आणि पानावर शिंपडलेलं पाणी कडेकडेने सुकत जाताना बघत बसलो.